रेसिडेन्सीशिवाय अमेरिका? आधी अटी वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, सध्या देवगड तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष चालू आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांनी परदेशी डॉक्टरांसाठी रेसिडेन्सीची (तिथल्या रुग्णालयातल्या काही वर्षांच्या प्रशिक्षणाची) अट काढलीय म्हणे, तर पीजीच्या मागे न लागता थेट तिकडे जावं का? आणि ते जमत नसेल तर ताईसारखं, म्हणजे माझ्यासारखं, ऑस्ट्रेलियाला?

अमेरिकेचं आधी संपवते. कायदे खरे आहेत. 2023मध्ये टेनेसीने केला, मग फ्लोरिडा, व्हर्जिनिया, विस्कॉन्सिन, टेक्सास यांनीही केले. पण सवलत आहे ती आपल्या देशात पीजी केलेल्यांना किंवा काही वर्षं प्रॅक्टिस केलेल्यांना. नुसत्या इंटर्नशिपवर तुला कुणी विचारणार नाही. यूएसएमएलई, म्हणजे तिथली लायसन्सची परीक्षा, तर कुणालाच सुटलेली नाही. टेनेसीत रेसिडेन्सी चालवणाऱ्या संस्थेचीच नोकरी हातात असावी लागते आणि सुरुवातीला लायसन्स मिळतं तेही तात्पुरतं. शिवाय लायसन्स देणार राज्य आणि व्हिसा देणार वॉशिंग्टन. सप्टेंबर 2025मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर 1 लाख डॉलरची फी बसली. आडगावातलं कुठलं रुग्णालय ती भरेल? एवढ्यातून पार पडलीस तरी अनेक रुग्णालयं आणि विमा कंपन्या बोर्ड सर्टिफिकेशन (तज्ज्ञ डॉक्टर असल्याचं प्रमाणपत्र) मागतात, आणि त्या परीक्षेला बसायला साधारणपणे तिथलीच रेसिडेन्सी लागते. फिरून फिरून भोपळे चौकात.

इंग्लंडबद्दल फार लिहीत नाही. परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्लॅबच्या दोन्ही परीक्षा पास होऊन जीएमसीची (तिथल्या मेडिकल कौन्सिलची) नोंदणी मिळवलेली मुलं नोकरीशिवाय बसलीत. 2025मध्ये स्पेशालिटी ट्रेनिंगच्या साधारण 10,000 जागांना 30,000हून जास्त डॉक्टरांचे अर्ज होते, आणि तिथल्याच पदवीधरांना प्राधान्य द्यायचं सरकारने ठरवलंय. सध्या त्या वाटेला जाऊ नकोस.

आता ऑस्ट्रेलिया. एएमसीची (ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची) पहिली परीक्षा कॉम्प्युटरवर, साडेतीन तासांत 150 प्रश्न, ती भारतातून देता येते. पुढे क्लिनिकल परीक्षा, किंवा काही ठरावीक रुग्णालयांत काम करतानाच होणारं मूल्यमापन. इंग्रजीसाठी आयईएलटीएसपेक्षा ओईटी घे, ती आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. त्यात केस नोट्स देऊन रेफरल लेटर लिहायला लावतात. तू 108 मध्ये पेशंट चढवताना जी चिठ्ठी लिहितेस तीच, फक्त पूर्ण वाक्यांत आणि वाचता येईल अशा भाषेत.

खरी मेख पुढे आहे. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला नोंदणीनंतर साधारण 10 वर्षं मेडिकेअरचा प्रोव्हायडर नंबर (सरकारी आरोग्य विम्यातून पेशंटचे पैसे मिळायला लागणारा क्रमांक) मिळतो तो डॉक्टरांचा तुटवडा जाहीर झालेल्या भागातच. जितकं आत जाशील तितकी मुदत घटते. नागरिकत्व मिळालं म्हणून ही अट आपोआप सुटत नाही. सरकारी रुग्णालयात पगारावर असशील तर ती आड येत नाही, पण जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, व्हायचं तर येतेच. मालवणात आजही सगळे 'ती सिडनीला असते' असंच सांगतात. मी असते डब्बोच्या पलीकडे, सिडनीहून गाडीने पाच तासांवर डब्बो आणि तिथून आणखी पुढे. गहू, मेंढ्या, धूळ. गंभीर पेशंट तुम्ही गोव्याला बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवता, आम्ही फ्लाइंग डॉक्टरचं विमान बोलावतो. परदेशात 'डॉक्टर कमी आहेत' म्हणतात तेव्हा तिथल्या मुलांना जिथे जायचं नसतं तिथे कमी असतात. देवगडात तुझी नेमणूक झाली ती काही वेगळ्या कारणाने नाही.

आणि आल्या आल्या कुणी खुर्ची देत नाही. देखरेखीच्या पहिल्या पातळीवर प्रत्येक पेशंट बाहेर पडायच्या आत सुपरवायझरला विचारावं लागतं. समोर खोकणारं पोर, निदान तुला ठाऊक, तरी उठायचं, शेजारचं दार ठोठवायचं, तो त्याच्या पेशंटमध्ये अडकलेला असला तर कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं. एकटीने गच्च भरलेली ओपीडी काढलेल्या माणसाला हे झोंबतं. झोंबू दे, पण तोंडावर दाखवू नकोस, कारण पातळी वाढते ती त्याच्याच रिपोर्टवर. अपमान वगैरे मी मानत नाही. रशिया-फिलिपीन्सहून शिकून आलेल्या आपल्याच पोरांना आपणही एफएमजीई या चाळणी परीक्षेत 300 पैकी 150 मिळाल्याशिवाय नोंदणी देत नाही.

माझं मत विचारशील तर पीजी सोडू नकोस. मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिन, एमडी वा डीएनबी, जे मिळेल ते. अमेरिकेचे नवे कायदे तुला लागू झालेच तर त्यानंतर होतील, आणि इथेही नोकरी देणारा अनुभव बघतो. एएमसीची पहिली परीक्षा मधल्या काळात देऊन ठेव.

बॉण्डचं वर्ष अर्धवट टाकून येऊ नकोस. पुढे मेडिकल कौन्सिलचं गुड स्टॅंडिंग सर्टिफिकेट (तुझ्याविरुद्ध तक्रार-कारवाई नसल्याचा दाखला) लागेल, कामात खंड का पडला हेही विचारतील. पावसाळ्यात लेप्टो येईल, सर्पदंश येतील, विंचू तर आहेतच. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं प्राझोसिन या औषधाचं काम महाडच्या भागातच केलं आणि ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. प्रत्येक केसची पेशंटचं नाव न घालता नोंद ठेव: काय बघितलंस, काय दिलंस, केव्हा पुढे पाठवलंस. नोकरीच्या मुलाखतीत तेच विचारतात. आणि तुझ्या मेडिकल ऑफिसरांकडून शिफारसपत्र त्यांची बदली व्हायच्या आत घे, नंतर माणूस सापडत नाही.

ओईटीची तारीख ठरली की सराव म्हणून लिहिलेली चार-पाच पत्रं पाठव, तपासून देते. फोन करायचा तर रविवारी सकाळी कर, इथे तेव्हा दुपार असते.