विस्कॉन्सिनचा नोव्हेंबर आणि शिकारीचा हक्क

तुला जुलैत अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉसॉ गावी यायचंय, नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी. भाड्याचं घर गावाबाहेर, मागे रान. घरमालक फोनवर म्हणाला, ‘नोव्हेंबरात मागे फिरू नका, शिकार चालू असते, इथे तो घटनेतला हक्क आहे.’ हे खरं का, हे घर सोडून दुसरं बघावं का, आणि आपल्याला कधी गळ टाकता येईल का, असं तू विचारलंयस. ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते.

आम्ही आलो त्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा-दोन आठवडे झाले होते. एका शनिवारी अजून नीट उजाडलंही नव्हतं तर लांबून फट् फट् ऐकू यायला लागलं. मी नवऱ्याला उठवून विचारलं, इथे कोण रे फटाके वाजवतंय? दुपारी दुकानात गेले तर निम्मी माणसं नारिंगी कपड्यांत. आपला भगवा त्यापुढे फिका वाटेल इतकं भडक नारिंगी. तो हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता.

घरमालकाने थाप मारलेली नाही. विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेत नागरिकांच्या हक्कांचं जे पहिलं प्रकरण आहे, भाषणस्वातंत्र्य आणि धर्मस्वातंत्र्य जिथे आहे तिथेच, २६वं कलम आहे: मासेमारी, शिकार आणि सापळे लावणं हा लोकांचा हक्क, त्यावर कायद्याने फक्त वाजवी बंधनं घालता येतील. ही दुरुस्ती एप्रिल २००३ मध्ये सार्वमताने झाली. इथे घटना बदलायची तर विधिमंडळाने लागोपाठ दोन कार्यकाळांत ठराव मंजूर करावा लागतो आणि मग लोकांपुढे जावं लागतं. लोकांनी पाचात चार मतं ‘हो’ म्हणून दिली.

हे विस्कॉन्सिनचंच खूळ आहे असं समजू नकोस. व्हरमाँटने १७७७ मध्येच असं कलम घातलं होतं. मग जवळजवळ सव्वादोनशे वर्षं कुणाला गरज वाटली नाही. १९९६ला अलाबामा, १९९८ला शेजारचं मिनेसोटा, आणि तिथून रांगच लागली. आता वीसहून जास्त राज्यांत आहे. २०२४ला फ्लोरिडानेही घातलं. अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी मात्र २०१०मध्ये नाही म्हटलं.

सव्वादोनशे वर्षं या कलमाची गरज का लागली नाही आणि आत्ताच का लागली, यात सगळं आलं. आजोबा, बाप, मुलगा एका मचाणावर बसत होते तेव्हा कुणी ते घटनेत लिहायला गेलं नाही. मुलं शहरात गेली, प्राण्यांसाठी झगडणाऱ्या संघटना जनमत घेऊन एकेक प्रकारची शिकार बंद करायला लागल्या, तेव्हा हे कलम आलं. आजही या राज्यात हरणाचा बंदुकीचा परवाना साडेपाच लाखांच्या आसपास लोक काढतात, लोकसंख्या साठ लाखांच्या आत. पण आकडा उतरताच आहे. त्यामुळे कायदे नवे शिकारी घडवण्याच्या मागे लागले आहेत. अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर असेल तर शिकाऱ्याला वयाची अटच नको, असा कायदा २०१७मध्ये झाला. रांगत्या बाळांच्या नावानेही परवाने निघाले! मला ते हास्यास्पद वाटतं आणि शेजारच्या आजोबांना मी तसं तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले, तुमच्याकडे बाळाच्या कानात देवाचं नाव सांगत नाहीत का? यावर मी काय बोलणार.

तुझ्या कामाचा कायदा २०१२चा आहे, ‘स्पोर्टिंग हेरिटेज’ नावाचा. त्याआधी राज्य उद्यानांत शिकार सहसा बंद असायची, मुद्दाम उघडली तरच. या कायद्याने उलटं केलं: मुद्दाम बंद केली नसेल तर उघडी. साधारणपणे १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर, आणि पुन्हा एप्रिलपासून मेच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे मुलीला घेऊन उद्यानात पानगळ बघायला जायचं तर ऑक्टोबरात जा. नंतर जायचं तर दारावरचा नकाशा बघ, कुठला भाग बंद आहे ते त्यावर असतं. कुत्रा पाळणार असाल तर साखळी सोडायची नाही, कारण सापळ्यांनाही तीच परवानगी आहे. सापळे लावणारा आपल्याला कुठे दिसत नाही, म्हणून लोक त्याला विसरतात. पण हा प्रांत गोऱ्यांनी वसवला तोच मुळी बीव्हर या पाण्यातल्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारावर. ग्रीन बे, प्रेरी दु शीन ही त्याच व्यापाराची ठाणी.

आता घर सोडायचं का? मी सोडणार नाही. हक्क घटनेत असला तरी दुसऱ्याच्या जमिनीत घुसायचा हक्क त्यात नाही. इथे पाटी लावलेली नसली तरी मालकाची परवानगी लागते. परक्या जमिनीत उभं राहून दुसऱ्याच्या घरापासून शंभर यार्डांच्या आत, त्याने हो म्हटल्याशिवाय, बंदूक चालवता येत नाही. तेव्हा घरमालकाला एवढंच विचार: मागचं रान तुमचं की दुसऱ्याचं, तिथे कोण येतो, कुठल्या बाजूला मचाण आहे? लाजू नकोस, इथे हा प्रश्न आपल्याकडे ‘पाणी किती वाजता येतं’ विचारण्याइतका साधा आहे. मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारपासून. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंत. बंदूकवाल्यांचे कमरेवरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असणं सक्तीचं आहे. गुलाबीला परवानगी २०१६पासून मिळाली. तुम्हाला सक्ती नाही, पण नारिंगी टोप्या घेऊन ठेवा, दहा-बारा डॉलरचं काम आहे. आणि हरणांची दया येऊन मागच्या दारी ताटल्या वाजवू नका. कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं हा इथे गुन्हा आहे.

खरी भीती बंदुकीची नाही, गाडीची. नोव्हेंबरात हरणं माजावर येतात, तिन्हीसांजेला रस्त्यावर उड्या मारतात. गाडीच्या विम्यात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घेच. नुसत्या ‘कोलिजन’मध्ये हरीण येत नाही. आमची एक गाडी त्यातच गेली.

तुला स्वतःला बंदूक हातात घ्यावीशी वाटली, तर नीट वाच. एच-वन-बीवरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक. एकट्याने शिकार करायचा परवाना मिळवायला १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्याला शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. म्हणजे क्रम असा: आधी अभ्यासक्रम, मग परवाना, मग बंदूक. ऑफिसातला मित्र हौसेने म्हणेल ‘चल, मळ्यात दोन गोळ्या मारू’, तेव्हा परवाना नसेल तर हात खिशात ठेव. एवढ्याशा गमतीने ग्रीन कार्ड अडकू शकतं. हे एकदा वकिलाला विचारूनच कर.

मासे मात्र बिनधास्त. तीस दिवस राज्यात राहिलास की रहिवाशांच्या दराने परवाना मिळतो, वर्षाला वीसेक डॉलर. मुलीला लागतच नाही, सोळाच्या आतल्यांना माफ. जूनच्या पहिल्या आणि जानेवारीच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी कुणालाच परवाना लागत नाही. मला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच आहे. वाहत्या, नौका जाईल अशा पाण्यात तुझे पाय ओले आहेत तोवर तू कुणाच्याही जमिनीतून चालत जाऊ शकतोस. काठावर पाऊल टाकलंस की आगंतुक. मी चिपळूणकडची, पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला शेतात उतरणारी. पाण्यावर कुणाचं कुंपण नसतं हे मला पटवून द्यावं लागलं नाही.

एक गोष्ट तुला कुणी आपणहून सांगणार नाही. ‘परंपरा जपा’ म्हणणारं हेच राज्य ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या परंपरेसाठी पकडत होतं. १८३७ आणि १८४२च्या करारांत त्यांनी उत्तर विस्कॉन्सिनची जमीन दिली आणि शिकार, मासेमारी आणि तळ्यात उगवणारा रानभात गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. १९७४मध्ये दोघा ओजिब्वे भावांनी जमातीच्या राखीव क्षेत्राबाहेर भाल्याने मासे मारले म्हणून त्यांना अटक झाली. १९८३मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं, करार अजून जिवंत आहे. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दर वसंतात ओजिब्वे रात्री होड्या पाण्यात घालायला आले की धक्क्यावर गोरा जमाव जमायचा, शिव्या आणि दगड. त्यानंतर बारा-पंधरा वर्षांनी त्याच राज्याने आपला वारसा घटनेत कोरला. मला यावरून फासेपारधी आठवतात. त्यांची शिकार गुन्हा ठरली, आधी इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसंच गुन्हेगार ठरली होती, आणि त्यांचा वारसा कुणी घटनेत लिहिला नाही. उत्तरेकडे एप्रिलच्या रात्री तळ्यावर दिवे दिसले तर ते कोण आहेत हे आता तुला माहीत आहे. गाडी थांबवून फोटो काढू नकोस.

२०२१च्या फेब्रुवारीतलंही सांगते. लांडग्यांची शिकार उघडली, राज्याच्या शिकाऱ्यांना ११९ची मर्यादा होती. तीन दिवस व्हायच्या आत २१८ मेले. पुढच्या वर्षी केंद्रीय न्यायालयाने लांडग्यांना पुन्हा संरक्षण दिलं. तेव्हा घरी येऊन कुणी ‘आम्ही शिकारीच निसर्ग सांभाळतो’ म्हणालं तर मान हलव, पण पूर्ण नाही. अर्धी हलवायला कारण आहे: बंदुका आणि काडतुसांवर दहा-अकरा टक्के केंद्रीय कर आहे, १९३७च्या कायद्याने तो राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. परवान्यांचे पैसेही तिकडेच जातात.

तुम्ही शाकाहारी आहात का ते लिहिलं नाहीस. नसाल तर डिसेंबरात शेजारी हरणाचं सॉसेज आणून देतील. रानातलं मांस विकायला बंदी आहे, म्हणून ते वाटलंच जातं. आम्ही त्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण घालतो, आजोबांना तेच जास्त आवडतं. शाकाहारी असाल तर सरळ सांगा, कुणी रागावत नाही. त्या बदल्यात चकली द्या.

जानेवारीतल्या त्या फुकट शनिवारी आमच्याकडे या. तळ्यावर दीड वीत बर्फ असतो, भोक पाडायचं यंत्र आमच्याकडे आहे. मुलीचे बूट मात्र इथे आल्यावरच घे, मुंबईहून आणू नकोस.