दुसरं मोठं माणूस

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. दोन खंडांतल्या दोन ऑफर, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 5 चा, तू एकटी, आणि तू मला विचारतेयस की कुठला देश बरा, पगारात भागेल का, घर कुठल्या एरियात बघू. हे प्रश्न चुकीचे नाहीत गं, पण माझ्या मते सगळे दुसऱ्या नंबरचे. पहिला प्रश्न वेगळाच आहे. समज तिथे पोचून दोन महिने झालेत, रात्री अचानक तुझ्या पोटात कळ यायला लागली, थांबेचना, ॲम्ब्युलन्स दारात आली, आणि त्यातला माणूस विचारतोय की मुलांपाशी कोण थांबणार? कोण?

जोडीने जाणाऱ्यांना हे सुचतच नाही कारण त्यांच्या घरात दुसरं मोठं माणूस असतं. तुला वाटतं तुझ्याकडे आत्ताही नाही, पण आहे, आई, बहीण, शेजारीण, मुलीच्या मैत्रिणीची आई असं सगळ्यांचं मिळून एक माणूस केव्हाच तयार झालंय, फक्त तू त्याला मोजत नाहीस. विमानात बसलीस की ते मागे राहतं. त्यामुळे तयारी त्या रिकाम्या जागेपासून सुरू करायची, बॅगा-बिगा नंतर.

आणि ती जागा सगळ्यात आधी कुठे दिसते माहितीये? कागदांवर. मुलांच्या बाबांची सही. तू लिहिलंयस की "मुलं माझ्याकडेच असतात, तो चौकशीसुद्धा करत नाही", ते खरं असेल, पण कायद्याला त्याचं काही नाही. 1980 चं हेग कन्व्हेन्शन आहे, मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दलचं, शंभरावर देश त्यात आहेत, आणि त्याचा मुद्दा सरळ आहे: 16 वर्षांखालचं मूल जिथे नेहमी राहतं तिथून, कस्टडीचा हक्क असलेल्या दुसऱ्या पालकाला न विचारता दुसऱ्या देशात नेलं, तर तिथलं कोर्ट मुलाला परत पाठवायचा हुकूम देऊ शकतं. आई चांगली की बाप चांगला हे तिथे ठरवतच नाहीत, ते मूळच्या देशातल्या कोर्टाने बघायचं. आणि नुसतं नेणंच नाही, सुट्टीचं सांगून नेलं आणि परत आणलंच नाही, तेही यात येतं. म्हणून त्याच्याकडून संमतीपत्र घेशील तेव्हा त्यात "प्रवासाला हरकत नाही" एवढं चालणार नाही, "मुलं आईबरोबर अमुक देशात कायमची राहायला जात आहेत आणि मला ते मान्य आहे" असं स्पष्ट पाहिजे, नोटराइज केलेलं. तो सही देत नसेल तर कोर्टाची परवानगी, आणि त्याला महिने लागतात, म्हणजे जॉइनिंग डेट कबूल करायच्या आधी हे. आत्ताचा किंवा जायचा देश कन्व्हेन्शनमध्ये नसेल म्हणून सुटलीस असंही समजू नकोस, कस्टडीच्या केसेस त्याशिवायही होतात. तुझ्या ऑर्डरमध्ये सोल कस्टडी लिहिलंय म्हणतेस ना, तरी पुढची बारीक कलमं वाच, मुलांचा देश बदलताना दुसऱ्या पालकाला विचारलं पाहिजे अशी ओळ बऱ्याचदा खाली कुठेतरी असते.

त्याच कागदात व्हिडिओ कॉल कधी, सुट्टीत मुलं कोणाकडे, तिकीट कोण काढणार हेही लिहून घे. आत्ता कटकट वाटेल, पण नंतर वेगळ्या टाइमझोनमधून भांडण्यापेक्षा बरं.

जन्मदाखले, घटस्फोटाची डिक्री, कस्टडी ऑर्डर यांवर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा यासाठीचा सरकारी शिक्का, करून घे. त्याबद्दलच्या 1961 च्या करारातल्या देशांत तो एक शिक्का पुरतो, नसलेल्या देशासाठी वकिलातीचं अटेस्टेशन लागतं, वेळ जास्त जातो. मुख्य म्हणजे अपॉस्टिल ज्या देशाने कागद दिला तोच देश करतो, तिथे पोचल्यावर आठवलं तर उपयोग नाही, मग कोणालातरी इथे पळवावं लागतं. ओरिजिनल सगळे हातातल्या बॅगेत. तुझं आडनाव मुलांपेक्षा वेगळं आहे, त्यामुळे इमिग्रेशनवाला मुलांनाच थेट विचारू शकतो की ही कोण, बाबा कुठे आहेत. मुलांना काही पढवू नकोस, फक्त असं विचारतात आणि खरं ते सांगायचं एवढं आधी सांगून ठेव, नाहीतर धाकटा घाबरून तुझ्यामागे लपला की तुमचाच अर्धा तास जाईल.

"आईला डिपेंडंट म्हणून नेते" हे लिहिलंयस, ते मात्र डोक्यातून काढ. बहुतेक ठिकाणी वर्क व्हिसाच्या डिपेंडंटमध्ये जोडीदार आणि मुलं एवढेच बसतात, आईवडील नाही. आई व्हिजिटर म्हणून येतील, काही आठवडे-महिने राहतील, परत जातील. त्यांना पहिल्याच फ्लाइटने बरोबर नेण्यापेक्षा महिना-दीड महिन्यानंतर बोलव असं मी म्हणेन. सुरुवातीला तशीही सगळ्यांना नवलाई असते आणि घरही धड लागलेलं नसतं, खरी गरज पडते ते सगळं ओसरल्यावर.

नोकरीबद्दल. सिंगल पेरेंट आहेस हे इंटरव्ह्यूत सांगायची गरज नाही, पण ऑफर हातात आल्यावर आणि सही करायच्या आधी सांग, कारण तेवढ्याच मधल्या वेळात तुला काहीतरी मागता येतं. पैसे जास्त मागण्यापेक्षा पहिला आठवडा ऑफिस नको हे माग, मूल आजारी पडलं तर कुठली रजा मिळते ते लेखी माग, हेल्थ इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून आहे की मध्ये वेटिंग आहे ते विचार. पहिला आठवडा का, तर जेटलॅग. शरीर साधारण दिवसाला एक तास एवढंच सरकतं आणि पूर्वेकडे जाताना जास्त जड जातं, म्हणजे आठ तासांचा फरक असेल तर आठवडा गेलाच. धाकटा पहाटे तीनला टक्क जागा, भूक लागलीय म्हणणार, आणि "आता तुझी पाळी" म्हणायला शेजारी कोणी नाही. त्यात सकाळी नऊला तू नवीन बॉससमोर. नको.

घर कुठे घ्यायचं याचं उत्तर तुझ्या ऑफिसने नाही, धाकट्याच्या शाळा सुटल्यानंतरच्या सोयीने ठरतं. शाळा दुपारी सुटते, तू संध्याकाळी, मधले तीन तास कोण? आफ्टर स्कूलला वेटिंग लिस्ट असते, कधी शाळेपेक्षा मोठी, तेव्हा शाळेला मेल करतानाच तेही विचार. शाळेचं वर्षही बघ, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला ते जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत सुरू होतं, उत्तर गोलार्धात बऱ्याच ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरला. धाकटा कधीही घुसला तरी चालेल. मोठीचं मात्र जमवून बघ, वयाच्या 11-12 व्या वर्षी बऱ्याच देशांत मुलं प्रायमरीतून पुढच्या शाळेत जातात, आणि सगळाच वर्ग एकमेकांना नवीन असताना आत शिरणं आणि जमलेल्या ग्रुप्समध्ये मधूनच शिरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यासाठी दोन महिने उशिरा जावं लागलं तर जा.

औषधांचं वाचून ठेव कारण रात्री बाळ कडेवर आणि एका हाताने फोनवर शोधणं फार वाईट. पॅरासिटामॉल अमेरिका-कॅनडात ॲसिटामिनोफेन नावाने मिळतं. धाकट्याचा दम्याचा पंप सालब्युटामॉलचा असेल तर अमेरिकेत त्यालाच अल्ब्युटेरॉल म्हणतात. नेब्युलायझर 220-240 व्होल्टचा असेल आणि तिथे 120 व्होल्ट असेल तर नुसता प्लग बदलून चालणार नाही, तिथेच नवीन घे. लसीकरणाच्या कार्डावर महिना अक्षरात लिहून घे, 4/7 म्हणजे तुझ्यासाठी 4 जुलै आणि अमेरिकेत 7 एप्रिल, त्यावरून डोस लवकर दिला की काय असा घोळ होतो. बीसीजी झालेल्या मुलांची त्वचेवरची टीबी टेस्ट कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते, आली तर दचकू नकोस, रक्ताची टेस्ट होते का विचार, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आणि इमर्जन्सी नंबर दोघांनाही पाठ पाहिजे, पाच वर्षांच्यालासुद्धा, पत्त्यासकट: अमेरिका-कॅनडात 911, युरोपात 112, ऑस्ट्रेलियात ट्रिपल झीरो म्हणजे 000, न्यूझीलंडला 111. ट्रॅफिकची बाजू बदलत असेल तर रस्ता ओलांडताना मुलं सवयीने उलटीकडे बघतात, त्याचा सराव पहिल्याच दिवशी.

आता मोठीबद्दल, आणि हे जरा लांबेल.

तू एका वाक्यात लिहून गेलीस की "ती खूप समजूतदार आहे, तिची मला मदतच होईल". याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. ती रिकामी जागा भरायला मोठं माणूस मिळालं नाही तर ती मुलगी भरते, कोणी सांगावं लागत नाही, हळूहळू होतं. आधी धाकट्याला शाळेतून आणते, मग ती तुझ्यापेक्षा लवकर तिथले उच्चार उचलते आणि फोनवर ते काय म्हणतायत ते तुला सांगायला लागते, मग घरमालकाशी बोलते, मग डॉक्टरकडे तुझं दुखणं तीच सांगते, आणि एक दिवस तुझ्या अकाउंटमध्ये किती उरलेत हे तिला पाठ असतं. सगळे म्हणतात केवढी गुणी पोर. गुणी आहेच, पण 11 वर्षांची आहे. डॉक्टर, बँक, शाळेची मीटिंग, वकील इथे तिला दुभाषी करायचं नाही, बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांत आणि शाळांत दुभाष्याची सोय मागितली तर मिळते, माग. पैशाची काळजी तिच्यासमोर बोलून दाखवायची नाही, ती बहिणीला फोनवर सांग, मोठ्याने रड हवं तर. तिला कामं दे, जरूर दे, पण 11 वर्षांच्या मुलीची, स्वतःची बॅग, स्वतःची खोली. धाकट्याला तिच्यावर सोडून बाहेर जाण्याआधी तर कायदाच बघ, न्यूझीलंडमध्ये 14 वर्षांखालच्या मुलाला देखरेखीची योग्य सोय न करता सोडून जाणं गुन्हा आहे, बाकी ठिकाणी वयं आणि नियम वेगळे, पण "आमच्याकडे चालायचं" हे उत्तर कुठेच चालत नाही.

आणि ती चिडेल. पहिले काही आठवडे सगळं मस्त, मग तीन-चार महिन्यांनी "तुझ्यामुळे" सुरू होईल. जोडीत एक पालक वाईट ठरला की मूल दुसऱ्याकडे जातं, इथे जायला कोणी नाही, म्हणून सगळं तुझ्यावरच निघणार. ऐकून घे, लगेच समजावू नकोस. मावशीशी, आजीशी, आणि हो, बाबांशीसुद्धा तिला एकटीला बोलू दे, दार लावून.

भाषेचं टेन्शन घेऊ नकोस, पण घाईही करू नकोस. धाकटा शाळेत काही महिने तोंडच उघडणार नाही असं होऊ शकतं, नवीन भाषेत पडलेली लहान मुलं बऱ्याचदा आधी नुसती ऐकत राहतात. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी दाखवलेला फरक शिक्षकांना माहीत असतो: खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण 2 वर्षांत येते, अभ्यासाची भाषा वर्गातल्या बाकी मुलांच्या बरोबरीला यायला 5 ते 7 वर्षं लागू शकतात. म्हणजे मोठी फाडफाड बोलायला लागली आणि तरी सायन्समध्ये मागे पडली तर ती आळशी झाली असं समजू नकोस. घरी आपलीच भाषा बोला, त्याने नवीन भाषा मागे पडत नाही.

तर ते दुसरं मोठं माणूस आणायचं कुठून. जायच्या आधीच कंपनीतल्या, शहरातल्या आपली भाषा बोलणाऱ्यांच्या ग्रुपवर निदान दोन जणांशी प्रत्यक्ष कॉल कर, नुसते मेसेज नको. पोचल्यावर पहिल्या महिन्यातच छोटी मदत माग, आणि त्यांना छोटी मदत कर, शनिवारी त्यांचं पोर दोन तास सांभाळ. आपल्याला उपकार नको असतात म्हणून आपण मागतच नाही, आणि मग एकदम मोठं संकट आल्यावर अनोळखी माणसाचं दार वाजवतो. शाळेच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्टची दुसरी ओळ असते, ती रिकामी ठेवलीस तर मला सांगू नकोस. मुलांना न्यायची परवानगी त्या व्यक्तीच्या नावाने शाळेत लेखी दे. मृत्युपत्र कर, त्यात मुलांचा गार्डियन लिही. गार्डियन तुझी बहीण असेल तर ती पोचेपर्यंत मुलं कोणाकडे राहतील तेही तिथल्या वकिलाला विचारून लिहून ठेव, कारण त्या देशात कोणाचंच नाव नसेल तर तिथल्या बालसंरक्षण खात्यालाच तात्पुरती सोय करावी लागते. बहिणीचा पासपोर्ट चालू आहे ना बघ. जमलं तर तिचा व्हिजिटर व्हिसा आधीच काढून ठेवा.

पैशाचं थोडक्यात: इथली क्रेडिट हिस्टरी तिथे सहसा धरत नाहीत, घरमालक जास्त डिपॉझिट नाहीतर जामीनदार मागू शकतो, तेव्हा सेव्हिंग आधी तिकडे सरकवायचा मार्ग शोधून ठेव.

दोन्हीपैकी कुठली ऑफर, ते मी आत्ता सांगणार नाही. दोन्ही शहरांतल्या ओळखीच्या माणसांची नावं काढ, कोण किती मिनिटांच्या अंतरावर आहे ते लिही, आणि कस्टडी ऑर्डरची पूर्ण कॉपी मला पाठव, सगळी पानं, फक्त शेवटचं नको. ती वाचून रविवारी कॉल करू. मोठीलाही बसव कॉलवर, तिचे प्रश्न तिच्या तोंडून ऐकायचेत मला.

तुझी
ताई