तांदळाच्या कणगीतली काडतुसं

अगं,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला तेव्हा मी ओटा आवरत होते. वाचला आणि ठरवलं की ह्याला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकून मोकळं व्हायचं नाही, नीट बसून लिहायचं. लांब होणार आहे, मध्ये चहा कर. आणि ते मॅडम मॅडम आता सोड, माझ्या वकिलीच्या ऑफिसात ज्युनिअर होतीस तेव्हा ठीक होतं, आता ताई म्हण.

तुमच्या दुकानापासून चौथ्या गाळ्यात भरदुपारी बाईकवरून येऊन कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, दाखवून लुटून गेले म्हटल्यावर बाबांची झोप उडणारच. सोन्याचं दुकान, भांडुपसारखी गजबजलेली वस्ती, आणि पोलिस येऊन पंचनामा करून गेले की पुढे सगळं शांत. त्यांनी 'रिव्हॉल्वरचं लायसन्स काढूया' असा घोषा लावलाय ह्यात मला काही वेडेपणा दिसत नाही. पण तू मला जे पाठवलंस ना, तो 'बंदूक हा माझा हक्क' म्हणणाऱ्या अमेरिकन माणसाचा व्हिडिओ, गांधीजींचं ते वाक्य आणि खाली 'ताई, आपल्याला हा हक्कच नाही का?', त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये.

आधी हक्काचं बघू. नाहीये. आपल्याकडे बंदूक ठेवणं हा मूलभूत हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये विनापरवाना हत्यारांचा विषय स्वतःहून हातात घेतला तेव्हाही हेच सांगितलं. अमेरिकेत राज्यघटनेतली शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी दुरुस्ती 1791 पासून आहे, 2008 च्या हेलर खटल्यात त्यांच्या कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने सांगितलं की हा हक्क एकेका माणसाचा आहे, आणि 2022 च्या ब्रुएन निकालानंतर तर सरकारला बंधन घालायचं तर असं बंधन आमच्या इतिहासात बसतं हे दाखवावं लागतं. म्हणजे तिकडे माणूस हक्क घेऊन उभा असतो आणि कारण सरकारने द्यायचं. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा म्हणतो की लायसन्सशिवाय जवळ ठेवायचीच नाही, का हवी ते तू सांग, मग आम्ही बघू. त्यामुळे त्या व्हिडिओतला माणूस कितीही छान बोलत असला तरी त्याचा एकही मुद्दा इथे अर्जाच्या रकान्यात बसत नाही. शिवाय तो एक गोष्ट सांगत नाही, 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. चोर नाही, दरोडेखोर नाही. ह्यावर मी परत येणार आहे.

आता गांधीजी. वाक्य खरं आहे, इंग्रजांच्या सगळ्या दुष्कृत्यांत अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा इतिहासात सर्वांत काळा ठरेल असं ते म्हणाले होते, पण कुठे? 1918 मध्ये खेड्यात, म्हणजे गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात, इंग्रजांच्याच फौजेत भरती व्हा असं सांगणाऱ्या पत्रकात! पुढचं म्हणणं असं की हा कायदा जायला हवा असेल, शस्त्र चालवायला शिकायचं असेल तर ही सोन्यासारखी संधी आहे, भरती व्हा. ते पुढचं कोणी फॉरवर्ड करत नाही.

पण राग खोटा नव्हता हं. 1878 चा तो कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळातला, त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरचा कायदा आला, आणि शस्त्रांच्या कायद्यातून युरोपियनांना सूट होती. गोऱ्याकडे बंदूक चालते, तुझ्याकडे नाही. त्यामुळे 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता, हे आज बऱ्याच वकिलांनाही माहीत नसतं. मग 1948 च्या डिसेंबरात संविधान सभेत हरि विष्णू कामतांनी तो घालायची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की प्रत्येकाला बाजारात जाऊन हवं ते हत्यार घ्यायचा हक्क दिला तर राज्य चालवायचं कसं, आणि उलट देशावर संकट आलं तर शस्त्र घेऊन उभं राहणं हे नागरिकाचं कर्तव्य असेल. दुरुस्ती पडली. तेव्हा 'सरकारने आपला हक्क काढून घेतला' असं जे तू लिहिलंयस ते चूक आहे, हक्क टेबलावर आला होता, चर्चा झाली आणि आपल्याच माणसांनी तो नको म्हटलं. पटत नसेल तर भांड, पण हे माहीत असून भांड.

26/11 चं पण तू लिहिलंस, लोकांकडे बंदुका असत्या तर वगैरे. अगं सीएसटीच्या त्या हॉलमध्ये शंभर घाबरलेल्या माणसांनी पिस्तुलं काढली असती तर कोण कोणावर झाडतंय हे पोलिसांना तरी कळलं असतं का? गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेंनी एके-47 ची नळी नुसत्या हातांनी धरून ठेवली, त्यांचं नाव घेऊन आपण पिस्तुलाची जाहिरात करू नये एवढंच मला वाटतं.

आता मी तुला आमच्या घरातलं सांगते, हे मी ऑफिसात कधी बोलले नाही.

आमचं गाव दापोलीकडे. वडिलांकडे बाराबोरची एकनळी बंदूक होती, शेतीसंरक्षणाचं लायसन्स. तुम्हा मुंबईकरांना वाटतं बंदूक म्हणजे बिल्डर आणि भाई, पण कोकणात निम्म्या वाड्यांमध्ये ती कोयत्यासारखी अवजार म्हणून असते, वानर आणि डुक्कर ह्यांच्यासाठी. कायदाही तसाच आहे बरं का, कलम 13 मध्ये पिकाच्या रक्षणाला ठासणीची बंदूक किंवा संरक्षणाला लांब नळीची साधी बंदूक मागितली तर दरवाजा बराच उघडा आहे, रिव्हॉल्वर-पिस्तूल मागितलं की 'सबळ कारण' दाखव. निवडणूक आली की वडील बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने तालुक्याला जायचे, पोलिस ठाण्यात जमा करायचे, पावती आणायचे. आणि निवडणूक असायची नेमकी एप्रिल-मे मध्ये, आंबा झाडावर! आमचे अण्णा दर वेळी म्हणायचे, वानरांना आचारसंहिता लागू नाही वाटतं.

एका वर्षी अवकाळी पाऊस झाला, मोहोर गेला, त्यात सोसायटीचं कर्ज. वडील बोलायचे बंद झाले. जेवायला बसायचे आणि उठायचे. मी तेव्हा मुंबईत, लॉच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत गेले तर आई तांदूळ काढताना कणगीत खांद्यापर्यंत हात घालत होती, काहीतरी चाचपत होती. मी म्हटलं काय शोधतेस, म्हणाली काही नाही, किडे लागलेत का बघते. रात्री मी बघितलं तर खाली फडक्यात बांधलेली काडतुसं. सगळी. बंदूक वर माळ्यावर होती तशीच, तिला तिने हात लावला नव्हता, वडिलांना कळू नये म्हणून असेल. तीनेक महिने ती काडतुसं तिथे होती. मग एक दिवस डुकरं आली, वडील ओरडले काडतुसं कुठायत, आणि आई आतून पुडकं घेऊन आली, बहुतेक त्यांच्या ओरडण्यातच तिला कळलं की माणूस परत आलाय. ह्यावर आमच्या घरात कधीही कोणी एक शब्द बोललं नाही. पुढे कोर्टात मी शस्त्र कायद्याच्या किती केसेस चालवल्या पण कागदावरच्या कुठल्याही लायसन्सिंग ऑथॉरिटीपेक्षा मला ती कणगीत हात घातलेली आईच आठवते.

म्हणून तो अमेरिकेचा आकडा तुला दिला. बंदूक घरात येते चोरासाठी पण चोर येतो वर्षा-दहा वर्षांतून एकदा, आला तर. बाकी सगळे दिवस ती घरातल्यांबरोबर राहते. वरळीला 2006 मध्ये प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावाने, पिस्तूल लायसन्सचं होतं. दहिसरला 2024 च्या फेब्रुवारीत फेसबुक लाइव्हवर एका माजी नगरसेवकाला मारलं, ते पिस्तूल मारणाऱ्याच्या बॉडीगार्डचं निघालं. 2023 च्या जुलैअखेर जयपूर-मुंबई गाडीत पालघरजवळ आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, कॉन्स्टेबलने सरकारी रायफलने आपल्या वरिष्ठासकट चार माणसं मारली, तो तर ट्रेनिंग घेतलेला माणूस. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये गोविंदाने पहाटे कपाटात ठेवता ठेवता स्वतःच्याच पायात गोळी मारून घेतली, वाचला बिचारा, लोक हसले, पण तुमच्या वन रूम किचनमध्ये तीच गोळी कुठे गेली असती ते बघ. तुझा भाऊ दहावीत आहे ना?

मी बंदुकांच्या विरोधात आहे असं समजू नकोस. वरळीच्या रेंजवर मी स्वतः दोन वर्षं पॉइंट टू टू (.22) बंदूक चालवलीये, बरी चालवायचे. कोल्हापूरकडच्या पोरापोरींनी तर ह्याच खेळात नाव काढलंय, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि आपला स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत टीसी होता, पॅरिस ऑलिंपिकहून 2024 ला ब्राँझ घेऊन आला. आणि तुझा एक राग मला शंभर टक्के मान्य आहे, लायसन्स मिळतं कोणाला? कायदा स्पष्ट म्हणतो की मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणाने नाकारता येणार नाही. पण मी फायली बघितल्यात. छोट्या दुकानदाराला 'जीवाला धोका दिसत नाही' असा एका ओळीचा शेरा, आणि ज्याच्या मागेपुढे आधीच चार गाड्या असतात त्याला कमरेला लावून लग्नात मिरवायला परवानगी. लग्नात हवेत गोळी झाडणं हा 2019 च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा झालाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगलं केलं. त्याच दुरुस्तीत एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका केल्या, आधी तर सरकारला एकच करायची होती. मला कायदा कडकच हवाय, पण सगळ्यांना सारखा कडक, आणि नाकारलं तर का ते नीट लिहून.

दुसरी खरी गोष्ट अशी की ज्यांनी तुमच्या शेजाऱ्याला लुटलं त्यांच्याकडे काही लायसन्स नव्हतं. ते कट्टे मुंगेरहून येतात, मध्य प्रदेशातल्या खरगोन-बडवानीकडून येतात, त्यांच्यासाठी कुठला फॉर्म नाही. ह्यावरून तुझे बाबा म्हणणार, मग कायदा फक्त आमच्यासारख्यांनाच का? प्रश्न बरोबर आहे. उत्तर कट्टा बनवणाऱ्यावर आणि आणणाऱ्यावर जायला हवं, ते पोलिसांचं काम आहे आणि ते कमी पडतंय. पण दुकानात काय होतं ते बघ. दोघं आत येतात तेव्हा त्यांचा कट्टा आधीच बाहेर असतो, बाबांचं रिव्हॉल्वर ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, हाताला कंप, समोर गिऱ्हाईक बाई मूल घेऊन उभी. कायद्याने बाबांना स्वसंरक्षणाचा हक्क पुरेपूर दिलाय, भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 वाच, जबरी चोरीत तर अगदी जीव घेण्यापर्यंत जातो तो, फक्त गरजेपेक्षा जास्त इजा नको. पण पळणाऱ्याच्या पाठीत गोळी लागली की तोच हक्क संपतो आणि मग बाबा माझ्यासारख्या कोणाच्या तरी ऑफिसात आरोपी म्हणून बसतात. मी बसलेले बघितलेत.

तरीही अर्ज करायचाच असेल तर नीट करा. मुंबईत लायसन्स देणारे पोलिस आयुक्त, अर्ज ऑनलाइन, फॉर्म ए-1, वय 21 च्या वर, मेडिकल सर्टिफिकेट, हत्यार हाताळायचं ट्रेनिंग, पोलिस व्हेरिफिकेशन. शेजारच्या लुटीच्या एफआयआरची कॉपी जोडा, तेच तुमचं 'सबळ कारण'. नाकारलं तर अपील आहे, ते मी लिहीन, फी नको. एजंट 'दोन महिन्यांत काढून देतो' म्हणाला तर दाराबाहेर काढा. 9 एमएम वगैरे मागू नका, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापाचं, .32 मागता येतं. पैशांचंही बघा, कानपूरच्या सरकारी फॅक्टरीने 2014 मध्ये बायकांसाठी म्हणून निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्वर काढलं त्याचीच किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती. दिल्लीच्या त्या मुलीवरून, निर्भयावरून, नाव ठेवलेलं, मला तेव्हाही ते कसंतरीच वाटलं होतं, रात्रीच्या बसमध्ये सुरक्षित राहायला सव्वा लाख भरा म्हणे.

त्याच पैशात मी बाबांच्या जागी असते तर आधी शटरला आत दुसरा ग्रिलचा दरवाजा बसवला असता जो आतून बटण दाबल्याशिवाय उघडत नाही, टाइम लॉकची तिजोरी घेतली असती, आणि ज्वेलर्स ब्लॉक इन्शुरन्स, म्हणजे सराफांच्या मालाचा विमा, तो आहे का तुमचा? नसेल तर ह्याच आठवड्यात. अख्ख्या गल्लीतल्या सराफांनी मिळून एक्स-सर्व्हिसमन गार्ड ठेवला तर महिन्याचा खर्च वाटून जातो, त्याच्याकडे स्वतःचं लायसन्स असतं आणि हात कापत नाही.

रविवारी बाबांना घेऊन ये, चारनंतर, आईलाही आण. मला तिच्याशी बोलायचंय, बाबा झोपत नाहीत हे तू लिहिलंस, किती दिवस झाले ते नाही लिहिलंस. आणि दुकानाच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, रेकॉर्डिंगचा डबा, अजून काउंटरखालीच आहे ना? शेजारच्यांचा त्यांनी जाताना उपटूनच नेला म्हणतेस, तुमचा आजच घरी नाहीतर वरच्या माळ्यावर हलवा.

तुझी,
ताई