झाडू कुठे धरायचा

प्रिय पोरी,

"मावशी, मला स्किप करतायत, हो म्हणू का?" हा तुझा मेसेज काल रात्री वाचला. कर्लिंगच्या टीमची स्किप, म्हणजे कप्तान, व्हायचं की नाही, हा अंगठ्याने उत्तर द्यावं असा प्रश्न नाही. तुझी आई म्हणते तू अजून मराठी वाचतेस, म्हणून बसून लिहिते आहे. बाहेर उणे २८ आहे, विनिपेगमध्ये आज मला कुठे जायचंही नाही.

आधी एक कबुली देते. मला बर्फावर उतरून २३ वर्षं झाली, पण त्यातली जवळजवळ सगळी लीड म्हणून गेली. पहिले दोन दगड सोडायचे आणि नंतर झाडत पळायचं. सुरुवातीला सांगलीला आईला फोनवर समजावलं होतं की वीस किलोचा दगड बर्फावरून घसरत सोडायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यापुढे झाडू घासत जायचं. ती म्हणाली, "झाडायला इतक्या लांब गेलीस होय?" पुढे एकदा मी मॅचचा व्हिडिओ पाठवला. त्यात स्किप 'हरी, हरी हार्ड' (इंग्रजी hurry, जोरात झाडा) असं ओरडत होती. आईचं समाधान झालं. हरीचं नाव तरी घेता म्हणाली.

स्किप म्हणून मी दोनच हंगाम खेळले. ते का संपले ते खाली येईल.

तुझ्या डोक्यात स्किप म्हणजे शेवटचे दोन दगड आहेत, हे मला माहीत आहे. सगळ्यांच्याच असतं. विनिपेगच्या जेनिफर जोन्सचा २००५ चा तो दगड तू कितीदा पाहिला असशील! सेंट जॉन्सला स्कॉटीजची, म्हणजे कॅनडाच्या महिला अजिंक्यपदाची फायनल, शेवटचा एन्ड (म्हणजे डाव), ६-४ ने मागे. तिने घराबाहेरच्या (घर म्हणजे बर्फावरची ती नेमाची वर्तुळं) दगडावर दगड आपटून आत वळवला, मधला उडवला आणि एकदम चार गुण घेऊन ८-६ ने जिंकली. ते बघूनच आपल्या गावातल्या निम्म्या मुलींना स्किप व्हावंसं वाटतं. पण मोजून बघ. एन्डला तुमच्या टीमचे दगड आठ, त्यातले तुझे दोन. उरलेल्या सहांना तू पलीकडच्या टोकाला झाडू धरून उभी असतेस. तुझी कारकीर्द मुख्यतः त्या सहांमध्ये जाणार आहे.

झाडू कुठे धरतेस ते तुझं खरं काम. दगड जिथे पोचवायचा तिथे तो धरत नाहीत, सोडणारीने जिथे नेम धरायचा तिथे धरतात. मधला फरक म्हणजे किती बर्फ दिला. तो प्रत्येकीसाठी वेगळा असतो. एकीचा हात सोडताना किंचित आत येतो, दुसरीचा दगड दोनऐवजी चार फेरे घेतो आणि कमी वळतो. सातव्या एन्डपर्यंत पेबल, म्हणजे वर शिंपडलेल्या पाण्याचे ते गोठलेले दाणे, झिजलेले असतात. मग पहिल्या एन्डचा हिशोब चालत नाही. शिवाय दगडाची दिशा तुला दिसते, पण वेग तुला समोरून नीट कळत नाही. तो दगडाबरोबर पळणाऱ्या दोघींना कळतो, त्यांच्या हातात स्टॉपवॉच असतं. म्हणजे अर्धी माहिती तुझ्याकडे, अर्धी त्यांच्याकडे, आणि निर्णयाला दोनतीन सेकंद. त्या 'कमी पडतोय' म्हणाल्या तर विश्वास ठेवावा लागतो. इथेच बऱ्याच हुशार मुली स्किप म्हणून फसतात, कारण त्यांना दुसऱ्याचं ऐकून ओरडता येत नाही.

आता माझी गोष्ट. एका बॉनस्पीलमध्ये, म्हणजे क्लबांच्या स्पर्धेत, शेवटच्या एन्डला आम्ही एका गुणाने पुढे होतो, हॅमर, म्हणजे एन्डचा शेवटचा दगड, त्यांच्याकडे. आमच्या सेकंडचा, म्हणजे लीडनंतर दगड सोडणारीचा, गुडघा सकाळपासून दुखत होता आणि जोरातला एकही दगड तिला साधत नव्हता. घरात अलगद थांबवायचे ड्रॉ मात्र सुरेख पडत होते. मी तिला गार्डवर, म्हणजे पुढे आडोशाला ठेवलेल्या दगडावर, आपटून मागचा दगड उडवायला सांगितलं. कागदावर शॉट बरोबर होता, मी असते तर तोच खेळले असते. पण दगड मी सोडणार नव्हते. तो गार्डच्या बाजूने निघून गेला, त्यांनी दोन गुण घेतले, आम्ही हरलो. इथवर ठीक होतं. नंतर बूट सोडताना मी म्हणाले, "सोपा होता गं." तिने काही उत्तर दिलं नाही. बॅगेची चेन लावली आणि गेली. एप्रिलमध्ये टीम फुटली. मला अजून त्या चेनचा आवाज आठवतो, हरल्याचा स्कोअर आठवत नाही.

म्हणून विचारते, शेवटचा दगड दुसरीच्या हाती द्यायची तुझी तयारी आहे का? हसू नकोस. स्वित्झर्लंडची सिल्वाना तिरिन्झोनी स्किप होती, पण तिच्या टीमचे शेवटचे दगड अलिना पॅट्झ टाकायची. २०१९, २०२१, २०२२, २०२३ असे ओळीने चार जागतिक किताब त्यांनी घेतले (२०२० ची स्पर्धाच झाली नाही). कॅनडाच्या रेचल होमनकडेही २०२२ मध्ये ट्रेसी फ्लूरी आली, ती स्वतः मुरलेली स्किप. आधी ठरलं की फ्लूरी झाडू धरेल आणि होमन शेवटचे दगड टाकेल. मग हंगाम चालू असताना त्यांनी उलट केलं, होमन पुन्हा स्किप झाली. पुढे २०२४ आणि २०२५ चे जागतिक किताब त्यांचे. दोघींपैकी एकीला तरी घरी जाऊन उशीत तोंड खुपसावंसं वाटलं असेल, हा माझा आपला अंदाज.

होमनचंच आणखी एक. २०१७ ला बीजिंगमध्ये ती एकही सामना न हरता जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्कच्या पोरींचा झाडू त्यांच्याच हलत्या दगडाला लागला. अशा वेळी काय करायचं ते समोरची स्किप ठरवते. होमनने दगड सरळ उचलून बाहेर काढला. नियमात बसत होतं, पण जगभरातून तिला शिव्या बसल्या. कॅनडाच्या बायका त्या वर्षी पहिल्यांदा पदकाविना परतल्या. मी असते तर दगड राहू दिला असता. तू काय केलं असतंस ते आधीच ठरवून ठेव. तिथे उभं राहिल्यावर घड्याळ चालू असतं, दहा एन्डच्या सगळ्या विचाराला मिळून ३८ मिनिटं.

पैशाचं तुझे बाबा विचारतीलच. त्यांना सांग, शिक्षण सोडू नकोस असं मावशीने बजावलंय. जोन्स वकील आहे. ब्रिटनच्या ईव्ह म्यूरहेडच्या ऑलिम्पिक सुवर्णपदकवाल्या टीममधली विकी राइट नर्स, साथीच्या काळात ती वॉर्डात परत गेली होती. आणि मूलबाळ म्हणजे कारकीर्द संपली असं कोणी म्हणालं, तर सांग की २०२१ ची स्कॉटीज होमन आठव्या महिन्यात खेळली आणि फायनलला पोचली.

म्यूरहेडबद्दल मला जास्त ओढ आहे. २०१८ च्या ऑलिम्पिकला ब्राँझच्या सामन्यात शेवटचा दगड तिच्या हातात होता, तो बिघडला आणि जपान ५-३ ने जिंकलं. समोर जपानची स्किप फुजिसावा. चार वर्षांनी म्यूरहेडची टीम ऑलिम्पिकला जेमतेम पोचली, डिसेंबरमधल्या पात्रता फेरीतून. साखळीत पाच जिंकल्या, चार हरल्या. सेमीफायनलला स्वीडनने पहिल्याच एन्डला चार गुण घेतले. कोणीही मान टाकली असती. म्यूरहेडच्या पोरी जादा एन्डमध्ये १२-११ ने जिंकल्या. फायनलला समोर पुन्हा फुजिसावा, या वेळी १०-३. ती मॅच मिळाली तर शेवटच्या एन्डऐवजी दुसरा-तिसरा एन्ड बघ, आणि दगड बघू नकोस, तिच्या झाडूकडे बघ. किती शांत धरलाय.

तेव्हा हो म्हण की नको म्हण, घाई नाही. शनिवारी सकाळी सातला आमच्या क्लबात एक शीट, म्हणजे बर्फाची पट्टी, रिकामी असते. मी दगड सोडेन, तू समोर उभी राहा. माझा डावा गुडघा हल्ली कुरकुरतो, जोरातले दगड मला जमत नाहीत, हे मात्र आधीच सांगून ठेवते. बूट पुसून आण. मागच्या वेळी तुझ्या तळव्याबरोबर खडी आली होती बर्फावर.

तुझी,
मावशी