उन्हाळी परसबागेची तोडणी आटोक्यात कशी ठेवावी?

प्रश्न : घरापुरती उन्हाळी भाजी लावली आहे. काकडी, भेंडी, टोमॅटो, घेवडा, वांगी, दुधी असं सगळं एकदम सुरू झालं. शेताच्या कामातून चार दिवसांनी बागेत गेलं की भेंडी जून झालेली असते, काकडी पिवळी पडलेली असते. तोडून आणलेलंही शिजवायला वेळ होत नाही, पडून सडतं. लागवडच कमी करावी का?

उत्तर : ताई, लागवडीचं शेवटी सांगतो. आधी तोडणीचं बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे. तुम्ही लागेल तेव्हा तोडता आणि नको असेल तेव्हा झाडावर राहू देता. घरातल्या माणसाला हे सोयीचं वाटतं, पण झाडाचा सगळा जीव बी धरण्यात असतो. एखाद्या काकडीत बी पक्व होऊ लागलं की वेलाचं अन्न तिकडे वळतं आणि नवी फळं धरणं मंदावतं. पानाआड राहून गेलेली एक जाड पिवळी काकडी पुढच्या कितीतरी कोवळ्या काकड्या अडवते. म्हणून घरात भाजी शिल्लक असली तरी तोडायचीच. जून फळ खाण्याजोगं नसेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, पण झाडावर ठेवू नका.

रोज जमत नसेल तर नका जाऊ. भेंडी आणि काकडी मात्र दिवसाआड चुकवू नका. भेंडी फूल उमलल्यापासून ४ ते ६ दिवसांत तोडायला येते; ७ ते १० सेंटिमीटरची, टोक चटकन मोडणारी हवी. टोक वाकलं पण मोडलं नाही, तर ती जून झाली. घेवड्याला दोन-तीन दिवस चालतात, फक्त शेंगेवर दाण्यांचे फुगवटे दिसण्याआधी तोडा. वांग्याच्या सालीची तकाकी जायच्या आत ते काढा. तकाकी गेली की आत बी टणक होतं आणि चव बिघडते.

टोमॅटोने तर तुमचा भार हलकाच होतो. झाडावर लालभडक होण्याची वाट पाहायची गरज नाही. टोकाशी गुलाबी छटा आली की तोडा, घरात सावलीत पसरून ठेवा, तो चांगला पिकतो. उन्हाळ्यात तर हेच बरं. तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की झाडावर लाल रंग नीट धरत नाही, टोमॅटो पिवळट-नारिंगी राहतो. शिवाय पक्षी आणि अळ्यांपासूनही सुटका होते.

तोडणी सकाळी, ऊन चढायच्या आत करा. तोडल्यावरही भाजी श्वास घेत असते आणि तापमान १० अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. दुपारी तोडलेली गरम भाजी टोपलीत दाबून ठेवली की ती संध्याकाळपर्यंत मलूल होते. वांगी, दुधी, काकडी कात्रीने देठ ठेवून कापा. ओढून तोडलं की वेलही दुखावतो. फ्रिजमध्ये सगळंच कोंबू नका. टोमॅटो बाहेरच राहू द्या, थंडीने त्याची चव जाते. काकडी आणि वांग्यालाही १० अंशांखालची थंडी फार दिवस सोसत नाही, सालीवर खड्डे पडतात. पिकत्या टोमॅटोशेजारी काकडी ठेवू नका. टोमॅटोतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर पिवळी पडते.

आता स्वयंपाकाचं. टोपली घरात आली की ती बाजूला सरकवण्याआधीच वाटणी करा. कोवळी काकडी आणि पिकलेला टोमॅटो आज कच्चाच खाऊन टाका. मीठ आणि लिंबू एवढं पुरतं. ताज्या भाजीला फार मसाल्याची गरज नसते, हे मी मनापासून सांगतो. उरलेल्या भाज्यांसाठी एकच रीत धरा : तेलात लसूण परतायचा, मग घेवडा आणि वांगी, ती निम्मी शिजली की दुधी, शेवटी टोमॅटो आणि मीठ. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, भाज्या मऊ होऊन रस आटेपर्यंत. टोपलीभर भाजीचं एक पातेलं होतं आणि ते झाकून फ्रिजमध्ये ३-४ दिवस टिकतं. भेंडी त्यात घालू नका. ती धुऊन पूर्ण कोरडी करा, मग चिरा आणि झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परता, तार सुटत नाही.

तरीही उरलं तर घेवडा उकळत्या पाण्यात ३ मिनिटं घालून काढा, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करा, निथळून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. उकळ दिली नाही तर गोठवल्यावरही शेंगांचा रंग आणि चव उतरत जाते.

औषध फवारत असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. लेबलवर फवारणी आणि तोडणी यांमधला प्रतीक्षा काळ दिलेला असतो. दिवसाआड तोडायच्या भाजीवर पाच दिवसांच्या प्रतीक्षेचं औषध मारलं, तर त्या पाच दिवसांतलं फळ तोडून फेकायचं, ताटात घ्यायचं नाही. शेतातल्या पिकासाठी आणलेलं औषध उरलं म्हणून बागेवर मारू नका.

प्रश्न : टोमॅटोचा रस उकळून बाटल्यांत भरला, काही दिवसांनी झाकणं फुगली. वरून चांगला दिसणारा भाग वापरावा का?

उत्तर : नाही. चाखूनही पाहू नका, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असा टाकून द्या. टोमॅटोची आंबटता जातीनुसार कमी-जास्त असते. ती कमी पडली तर हवाबंद बाटलीत घातक जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष दरवेळी वासाने कळत नाही. साध्या उकळीने त्यांचे बीजाणू मरत नाहीत. घरच्या घरी रस आटवून, गार करून, छोट्या डब्यांत गोठवणं हा सुरक्षित मार्ग. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही याच कारणाने बाहेर ठेवू नये.

प्रश्न : दुधी कडू निघाला. जास्त शिजवला तर चालेल?

उत्तर : चालणार नाही. कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्याचा असतो, ते शिजवून जात नाही आणि त्याने जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात. दुधी असो वा काकडी, चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून पाहा, कडू लागला तर थुंका आणि सगळं फळ टाका. त्या वेलाचं बी धरू नका.

राहिला लागवडीचा प्रश्न. ताई, रोपं कमी कराच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळं एका दिवशी पेरू नका. घेवडा, भेंडी, काकडी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी टाका. पहिली फळी थकेल तेव्हा दुसरी तोडणीला येईल. आणि ज्या भाजीचं यंदा सर्वांत जास्त वाया गेलं, तिचं नाव बियाण्याच्या डब्यावर आजच लिहून ठेवा.