बालवाडीत नव्यानं येणाऱ्या ताईला

अगं, पहिला महिना पाटी-पेन्सिल कपाटातच राहू दे. पालक "एबीसीडी कधी?" विचारतीलच, त्यांना सांग, 2020 च्या शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचाच आहे.

आधी घरची बोली ऐक. आमच्या फोंड्याच्या वर्गात एक पोर "उदक, उदक" म्हणत रडत होतं आणि मदतनीस त्याला "पाणी म्हण" शिकवत बसली. फार वाईट वाटलं मला. आधी पेला दे गं! शब्द येईल पिता पिता.

पावसात प्रत्येकाचा सुका कपड्यांचा जोड हाताशी हवाच. वाळूत, चिंचोक्यांत हात घालू दे, पेन्सिल धरायची ताकद बोटांत तिथंच येते. फक्त चिंचोके मोजून दे, मोजून घे, नाकाकानात घालतात.