फ्लॅट विकताना स्टेजिंग (म्हणजे खरेदीदारांना दाखवण्यासाठी फर्निचर मांडून घर सजवणं) करायचं की नाही, आधी हे बघा

आधी एक सांगा, फ्लॅट रिकामा आहे की तुम्ही अजून तिथेच राहताय? कारण सगळा निर्णय त्यावरच आहे. राहत असाल तर बाहेरून फर्निचर भाड्याने आणायची घाई अजिबात करू नका, निम्मं सामान दुसरीकडे हलवा, फ्रिजवरचे मॅग्नेट, फॅमिली फोटो, बाल्कनीतला पसारा काढा, बल्ब सगळे एकाच रंगाचे लावा (एका खोलीत पिवळा, दुसरीत पांढरा असला की फोटो फार वाईट येतात), एवढ्यानेच खूप फरक पडतो.

रिकामा असेल तर मात्र मी स्टेजिंग कराच म्हणेन, निदान हॉल आणि मेन बेडरूम तरी. रिकामी खोली मोठी वाटेल असं आपल्याला वाटतं पण होतं उलटच. माझ्या फ्लॅटची छोटी बेडरूम बघून प्रत्येक जण विचारायचा, इथे डबल बेड बसेल का? मी टेप घेऊन मापं दाखवायचो तरी कुणाला पटायचं नाही. शेवटी बेड आणि एक साइड टेबल ठेवलं, तो प्रश्नच बंद झाला.

खर्चाचं म्हणाल तर फर्निचरचं भाडं बहुतेक वेळा महिन्यावर असतं, त्यामुळे विक्री लांबली तर किती जाईल ते आधीच विचारून ठेवा आणि मेंटेनन्स, हप्ता धरून हिशोब करा. तुमच्याच बिल्डिंगमधले विकायला असलेले बाकीचे फ्लॅट फोटोत कसे दिसतात तेही बघा, खरेदीदार तुलना त्यांच्याशीच करणार. आणि हो, सामान आणायच्या आधी लिफ्टचं बुकिंग लागतं का ते विचारा.